चकमकीचे करमणूकमूल्य

१९८२ च्या जानेवारीत मुंबईत आठवड्याभराच्या अंतराने दोन घटना घडल्या. ११ जानेवारीस वडाळ्यात आंबेडकर महाविद्यालयाच्या परिसरात मनोहर ऊर्फ मन्या सुर्वे हा गुंड पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. १८ जानेवारीस सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली बेमुदत संप सुरू केला. पहिली घटना काही मिनिटांत आटोपली. दुसरी औपचारिकरीत्या आजतागायत संपलेली नाही, कारण तो संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. पहिल्या घटनेत एक माणूस मेला. दुसऱ्या घटनेनंतर एका शहराचा आर्थिक पायाच बदलला, पिढ्यान्‌पिढ्यांची रोजी बुडाली आणि परळ-लालबागच्या चाळींतील हजारो कुटुंबे गावी परतली किंवा शहराच्या कडेला फेकली गेली.

या दोहोंपैकी करमणुकीच्या बाजाराने कोणती घटना उचलली? पहिलीवर २०१३ साली ‘शूटआऊट अ‍ॅट वडाळा’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्याआधी २००७ साली, लोखंडवाला संकुलात १६ नोव्हेंबर १९९१ रोजी कित्येक तास चाललेल्या चकमकीवर ‘शूटआऊट अ‍ॅट लोखंडवाला’ येऊन गेला होता. चकमकींचे असे पडद्यावरील कुळच तयार झाले असून त्याची वंशावळ अद्याप वाढतेच आहे. संपावर चित्रपट झालेच नाहीत असे नाही. परंतु जो गाजला त्याची कथा अधिक बोलकी आहे.

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक संपानंतर मोडत गेलेल्या एका गिरणी कामगार कुटुंबाचे नाटक आहे. एका खोलीतील माणसे, बंद पडलेली गिरणी, आईची तगमग आणि मुलांच्या चार दिशांना फुटलेल्या वाटा हा त्याचा ऐवज. त्या मुलांपैकी एक गुन्हेगारीकडे वळतो, पण नाटकाचे लक्ष घराच्या कोसळण्यावर असते. याच नाटकाच्या आधारे महेश मांजरेकर यांनी २०१० साली ‘लालबाग परळ’ आणि हिंदीत ‘सिटी ऑफ गोल्ड’ हा चित्रपट काढला. विषय गिरणी कामगारांचा, कळकळही नाकारण्याजोगी नाही. तथापि रंगमंचावरून पडद्यावर येताना त्या कुटुंबाच्या हाती पिस्तूल अधिक ठळकपणे आले, रक्त अधिक वाहिले आणि गल्ल्याच्या दृष्टीने बोजड असलेला भाग, म्हणजे संपाचे अर्थकारण, पार्श्वभूमीच्या पडद्यासारखा मागे राहिला. दिग्दर्शकाच्या दोषापुरता हा प्रश्न मर्यादित नाही. गिरणी कामगाराचे दुःख दाखवायचे झाल्यास त्यात गोळीबार घातल्याशिवाय पैसा लावणारा पुढे येत नाही, हा त्या व्यवसायाचा दंडक आहे. कामगाराचा मुलगा जोवर बेकार असतो तोवर तो कथेचा नायक होत नाही. त्याने कोणाला तरी मारले, किंवा त्याला कोणी तरी मारले, म्हणजे तो होतो.

दक्षिणेकडे नजर टाकली तर हेच अधिक मोठ्या प्रमाणावर दिसते. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८० पासून ब्रिटिश कंपनीच्या हाती होत्या. तेथील कामगार जमिनीखाली हजारो फूट उतरले, दगडाच्या धुळीने त्यांची फुप्फुसे निकामी झाली, त्यांनी लाल झेंड्याखाली संघटना बांधल्या, संप केले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली आणि मागे उरली ती कचऱ्याच्या टेकड्यांनी वेढलेली बेकार वसाहत. आज देशातील कोट्यवधी तरुणांना ‘केजीएफ’ ही अक्षरे ठाऊक आहेत, परंतु ती २०१८ आणि २०२२ साली आलेल्या चित्रपटांमुळे. त्या चित्रपटांतील खाण कामगार हे चाबकाखाली वाकलेले, मुके, गुलाम लोक आहेत. त्यांना संघटना नाही, पुढारी नाही, बुद्धीही नाही. त्यांची मुक्तता मुंबईहून आलेला एक भाडोत्री मारेकरी करतो. ज्या कामगारांनी आपल्या संघटनेचा इतिहास स्वतः घडवला त्यांना पडद्यावर बंदुकीची वाट पाहणारा कळप करून टाकणे, ही त्या पडद्यावरील सगळ्या रक्तपातापेक्षा मोठी हिंसा म्हणावी लागेल.

हिंसेची करमणूक एवढी का खपते, या प्रश्नाला धंद्यातील मंडळींचे उत्तर ठरलेले असते: लोकांना तेच हवे आहे. हे उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातही टिकणारे नाही. मागणी ही हवेतून निर्माण होत नाही. पुरवठा कोणत्या वस्तूचा होतो, कोणत्या किमतीस होतो, पर्याय किती आहेत, यांवर ती घडत जाते. येथे पाहिला पाहिजे तो उत्पादकाचा हिशेब. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या आशयाचा अनेक दशके अभ्यास करणारे हंगेरीत जन्मलेले अध्यापक जॉर्ज गर्बनर यांनी या बाबतीत एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. विनोदाला भाषांतर लागते, कौटुंबिक कथेला त्या समाजाची ओळख लागते, राजकीय कथेला तर इतिहासच ठाऊक असावा लागतो. मारामारीला यांपैकी काहीही लागत नाही. ठोसा कोणत्याही देशात ठोसाच असतो. म्हणून जो माल अनेक बाजारांत विकायचा आहे त्यात हिंसा घालणे सर्वांत किफायतशीर ठरते. एकच चित्रपट पाच भाषांत एकाच दिवशी लावण्याची आजची पद्धत पाहिली म्हणजे या निरीक्षणाचा प्रत्यय येतो. संवाद कमी, आरोळ्या अधिक. भाषा बदलावी लागते ती फक्त धमक्यांची.

दुसरी बाब घटत्या सीमांत उपयोगितेची. भुकेल्याला पहिल्या भाकरीने जेवढे समाधान मिळते तेवढे चौथीने मिळत नाही, हा नियम थरारालाही लागू आहे, नव्हे, अधिक कठोरपणे लागू आहे. १९७३ च्या ‘जंजीर’मध्ये पोलीस ठाण्यात लाथेने उडवलेली एक खुर्ची प्रेक्षकाला हादरवून गेली. आज तेवढाच हादरा देण्यासाठी नायकाला शेकड्यांनी माणसे कापावी लागतात, कुऱ्हाड, करवत, यंत्रबंदूक अशी आयुधे बदलावी लागतात. नायकाचा राग वाढला असा याचा अर्थ नव्हे; प्रेक्षकाची संवेदना बधिर झाली म्हणून मात्रा वाढवावी लागली, एवढाच. दारूच्या दुकानदाराला हा व्यापार चांगला समजतो.

आणि तिसरी बाब, जिचा उच्चार फारसा होत नाही, ती अशी की या मालाचा काही खर्च उत्पादक उचलतच नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये बंगळुरूजवळ एका कन्नड चित्रपटाच्या चित्रीकरणात दोन अभिनेत्यांना हेलिकॉप्टरमधून जलाशयात उडी मारावयास लावण्यात आले. त्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटेही नव्हती. दोघेही बुडून मरण पावले, नायक वाचला. पडद्यावरील खोट्या मरणासाठी खरी माणसे रोजंदारीवर हाडे मोडून घेतात. त्यांचे नाव श्रेयनामावलीच्या अशा टोकाला येते की तोवर प्रेक्षक दाराबाहेर पडलेला असतो.

मात्र हिंसेचे चित्रण म्हणजेच विकृती असा सोवळा पवित्रा पुरोगामी चळवळीने घेण्याचे कारण नाही. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त मारामारी आहे, लूट आहे, मरण आहे. पण फकिरा कोणाविरुद्ध उठतो आणि दुष्काळात कोणाला जगवण्यासाठी धान्य लुटतो हे वाचकाला पानोपानी कळत असते. १९७५ च्या ‘दीवार’चा नायक गोदीत हमाली करतो आणि त्याचा बाप मजूर संघटनेचा पुढारी असतो. त्या बापाला कुटुंबाच्या जिवाच्या धाकाने कामगारांचा विश्वासघात करावा लागतो आणि त्या कलंकापासून मुलाचा पुढचा सगळा प्रवास सुरू होतो. हा धंदेवाईकच चित्रपट होता, त्यातील तोडगाही वैयक्तिक सुडाचाच होता, तरी गुन्हा कोठून जन्मतो याची आठवण त्याला होती. १९८३ च्या ‘अर्धसत्य’ने त्याहून पुढचे पाऊल टाकले. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात फौजदार अनंत वेलणकर कोठडीतील एका क्षुल्लक चोराला मारता मारता ठार करतो. त्या प्रसंगी प्रेक्षकाचा हात टाळीसाठी उठत नाही. सत्तेपुढे लाचार झालेला माणूस आपला राग दुबळ्यावर काढतो, हे त्याला दिसते आणि त्याची मान खाली जाते.

वीस वर्षांनी, २००४ साली, ‘अब तक छप्पन’ आला. कसबी दिग्दर्शन आणि नाना पाटेकरांचा संयत अभिनय यांमुळे तो चित्रपट अनेकांना आवडला आणि त्याच्या कारागिरीविषयी तक्रार नाही. पण त्याचे शीर्षकच पाहावे. ती मारलेल्या माणसांची संख्या आहे. फलंदाजाच्या धावा मोजाव्यात तशी. वेलणकरपासून छप्पनपर्यंतच्या या प्रवासात लज्जा गळून पडली आणि धावफलक आला. मराठी वृत्तपत्रांनीही याच काळात ‘चकमकफेम’ हा शब्द रूढ केला. फेम म्हणजे कीर्ती. एखादा शिक्षक अध्यापनासाठी, एखादा वैद्य रुग्णसेवेसाठी ओळखला जावा तसा एक सरकारी नोकर माणसे मारण्यासाठी कीर्तिमान होतो, आणि शब्द रुळला की त्यातील भयानकता कानाला टोचेनाशी होते.

या कीर्तीच्या पाठीमागील आकडे न्यायालयाच्या दप्तरात नोंदलेले आहेत. १९९५ ते १९९७ या तीन वर्षांत मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. या मृत्यूंच्या चौकशीसाठी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २३ सप्टेंबर २०१४ रोजी लागला. मधल्या काळात चकमकींवरील चित्रपट निघाले, चालले, त्यांचे उत्तरभागही ठरले. चकमकीची करमणूक न्यायापेक्षा कितीतरी वेगाने बाजारात पोहोचली होती. २००६ साली अंधेरी परिसरात झालेल्या एका चकमकीबाबत तर मुंबई उच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ रोजी ती बनावट असल्याचा निर्वाळा देऊन अशाच एका ‘कीर्तिमान’ माजी अधिकाऱ्यास जन्मठेप सुनावली. ज्या कथांवर प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या, त्या जातीच्या कथेपैकी एक खून होती, हे कळायला अठरा वर्षे लागली.

याच तीन वर्षांतील आणखी एक गोळीबार आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि दहा जण मरण पावले. मेलेले लोक कोणत्याही टोळीचे नव्हते. ते त्या वस्तीत राहणारे कष्टकरी दलित होते. या घटनेचा व्यवसाय करण्याची इच्छा कोणाही निर्मात्यास झाली नाही. गोळी त्याच शहरातील, गणवेश त्याच सरकारचा, काळही तोच. पण येथे मारणाऱ्याला नायक करता येत नव्हते आणि मेलेल्यांना खलनायक ठरवता येत नव्हते, म्हणून करमणुकीच्या बाजारात या दहा प्रेतांना भाव नव्हता. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे खपून २०११ साली पूर्ण केलेला ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट सोडला तर या रक्ताची नोंद पडद्याने फारशी घेतली नाही. चकमकीच्या करमणुकीची खरी गोम येथे आहे. हिंसा दाखवली जाते म्हणून ती घातक नाही, ती निवडून दाखवली जाते म्हणून घातक आहे. सरकारने आणि भांडवलाने दुबळ्यांवर केलेली हिंसा अंधारात राहते. ज्या हिंसेत गणवेश आणि बंदूक यांचा जयजयकार करता येतो तेवढीच प्रकाशात आणली जाते.

आता अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे. या चित्रपटांना टाळ्या वाजवणारा प्रेक्षक कोण असतो? पुष्कळदा तो पक्षाच्या सभेला येणारा, संघटनेची वर्गणी भरणारा, कामावरून थकून आलेला माणूसच असतो. त्याला अडाणी किंवा हिंस्र म्हणून मोकळे होणे हा मध्यमवर्गीय सोयीस्करपणा आहे. त्याच्या टाळीत एक खरी तक्रार दडलेली असते. बापाची थकलेली देणी मिळण्यासाठी त्याने गिरणीच्या दारात वर्षे काढली. कामगार न्यायालयातील तारखा त्याला पाठ आहेत. गिरण्यांच्या जमिनींचे नियम १९९१ साली ठरले, २००१ साली मालकांच्या सोयीने बदलले, ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलावर शिक्कामोर्तब केले आणि त्याच जमिनींवर मॉल व मनोरे उभे राहिले. कामगारांच्या वाट्याला घरासाठीचा अर्ज आणि सोडतीची प्रतीक्षा आली, आणि अर्ज करणाऱ्यांची संख्या लाखाच्या वर गेली. ज्याच्या आयुष्यात कोणतेही न्यायालय, कोणतेही कार्यालय कधी वेळेवर हलले नाही, त्याला पडद्यावर दोन तासांत लागलेला निकाल मोहात पाडतो यात नवल नाही. तो बंदुकीवर भाळत नाही, वेगावर भाळतो. तीच फसवणूक आहे. ती गोळी मालकाकडे कधीच वळत नाही. पडद्यावर फार तर एखादा भ्रष्ट पुढारी मारला जातो, पण गिरणी विकणारा मालक, जमीन गिळणारा विकासक किंवा देणी बुडवणारी कंपनी गोळीच्या टप्प्यात सहसा येत नाही.

गर्बनर यांच्या संशोधनाचा दुसरा निष्कर्ष येथे आठवतो. जे लोक हिंसेने भरलेली दूरचित्रवाणी दिवसचे दिवस पाहतात ते स्वतः मारेकरी होतात असे त्यांचे म्हणणे नव्हते. असे प्रेक्षक अधिक भितात, जग आहे त्याहून भयंकर मानतात आणि संरक्षणासाठी कठोर हाताची मागणी करू लागतात, असे त्यांना आढळले. भिणारा नागरिक हा राज्यकर्त्यांचा आवडता नागरिक असतो.

हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्य स्त्रीवर अत्याचार करून तिचा खून झाला आणि ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. त्या दिवशी पोलिसांवर फुले उधळली गेली. दूरचित्रवाणीवर दिवसभर उत्सव चालला. मेलेले चौघे मालमोटारींवर चालक-क्लीनरची कामे करणारे होते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या आयोगाचा अहवाल २०२२ च्या मे महिन्यात जाहीर झाला तेव्हा कळले की पोलिसांनी सांगितलेली कहाणी अविश्वसनीय आहे, गोळ्या ठार मारण्याच्याच हेतूने झाडल्या गेल्या आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन असावेत. अहवालाच्या दिवशी फुले उधळणारे कोणी आले नाही. त्या स्त्रीच्या खुन्यांचा गुन्हा न्यायालयात सिद्ध होण्याची शक्यता मात्र कायमची मारली गेली होती.

महाराष्ट्रात याची पुनरावृत्ती झाली ती बदलापूरला. शाळेतील अगदी लहान मुलींवरील अत्याचाराने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते गाव रेल्वेमार्गावर उतरले. तो संताप न्याय्य होता. तक्रार नोंदवण्यात दिरंगाई का झाली, संस्थेने काय दडवले, या प्रश्नांची दखल उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली होती. २३ सप्टेंबरला, तुरुंगातून नेत असता, आरोपी पोलिसांच्या वाहनात गोळीने मारला गेला. पेढे वाटले गेले. ‘बदला पुरा’ अशा फलकांवर हाती पिस्तूल घेतलेला सत्ताधारी दिसला. चित्रपटाच्या जाहिरातीची भाषा, रचना आणि रंग शासनाच्या कर्तबगारीच्या जाहिरातीला जसेच्या तसे वापरता आले. गृहखात्याला शाळांतील सुरक्षिततेचा, कंत्राटी नेमणुकांचा, ठाण्यातील बेपर्वाईचा हिशेब द्यावा लागणार होता. त्याऐवजी त्याने तिकीट न लावता एक खेळ दाखवला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आला तेव्हा त्यात त्या मृत्यूस पाच पोलीस जबाबदार धरले गेले होते. तोवर निवडणूक होऊन गेली होती.

प्रेक्षकाचा पुढे काय होतो हे धुळे जिल्ह्याने त्याआधीच पाहिले होते. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाड्याच्या आठवडी बाजारात भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुले पळवणारे समजून ठेचून मारले गेले. ते मंगळवेढ्याकडून आलेले होते. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवांनी लोकांची मने आधीच तापलेली होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना कोंडून मारले आणि मारतानाची दृश्ये त्याच मोबाईलवरून गावोगाव गेली. त्या गर्दीत मारणारे थोडे आणि पाहणारे पुष्कळ होते. आरोपी, साक्षीदार, न्यायाधीश ही सगळी पात्रे गाळून फक्त शिक्षा दाखवणारी कथा ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्यांना ती शिक्षा स्वतः अमलात आणावीशी वाटली, तर तो केवळ त्या आदिवासी पाड्याचा दोष नव्हे. २०२४ च्या फेब्रुवारीत धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. भिक्षेकरी मेले आणि शेतमजूर तुरुंगात गेले.

यावर उपाय म्हणून सेन्सॉरची कात्री अधिक धारदार करावी, असे सुचवले जाते. ही सूचना करणाऱ्यांनी दोन जुन्या हकिगती आठवाव्यात. १९७५ साली, आणीबाणीत, ‘शोले’चा शेवट सेन्सॉरने बदलायला लावला. मूळ चित्रपटात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी ठार करतो. प्रदर्शित चित्रपटात ऐन वेळी पोलीस येऊन त्याला थांबवतात. कायदा हातात घेऊ नये, हा उपदेश ज्या सरकारने पडद्यावरून केला त्याने त्याच वेळी हजारो लोकांना विनाचौकशी तुरुंगात घातले होते. दुसरी हकिगत ख्वाजा अहमद अब्बास यांची. मोठ्या शहरांतील ऐश्वर्य आणि दारिद्र्य यांची तुलना करणाऱ्या त्यांच्या लघुपटावर सेन्सॉरने आक्षेप घेतला तो मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून, आणि १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात पूर्वपरीक्षणाची पद्धत वैध ठरवली. कात्री ज्याच्या हाती असते त्याला टोचणारे तेच ती कापते. तिच्यावर विसंबून राहण्यात चळवळीचे हित नाही.

मग लोकांची रुची बदलणारच नाही काय? गिरणगावाचा स्वतःचा अनुभव याच्या उलट आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाला याच चाळींतील, याच पाळ्या करून आलेल्या कामगारांनी मैदाने भरून दाद दिली. त्यात हसू होते, लावणी होती, ढोलकी होती आणि मालक व सावकार यांची नावे घेऊन उडवलेली रेवडी होती. करमणूक म्हणून ती कोठेही कमी नव्हती. ती मागे पडली याचे कारण लोकांची रुची बिघडली हे नव्हे. ज्या गिरण्यांच्या पाळ्यांवर तिचा प्रेक्षक उभा होता त्या गिरण्या गेल्या, आणि चाळीच्या अंगणाची जागा मॉलमधील चित्रपटगृहाने घेतली, ज्यांना राज्य सरकारने सुरुवातीची काही वर्षे करमणूक करात सवलत दिली होती. ‘जय भीम कॉम्रेड’ हा सुमारे तीन तासांचा माहितीपट वस्त्यांत मोकळ्या जागी पडदा लावून दाखवला गेला तेव्हा लोक बसून राहिले. तेथे कोणी भाडोत्री नायक नव्हता.

चकमकीच्या कथेत पोलीस असतो, पण तो नेहमी अधिकारी असतो. शिपाई नसतो. वास्तविक १९८२ सालातच शिपायांचीही एक मोठी घटना घडली होती. संप सातव्या महिन्यात असताना, १५ ऑगस्टला मुंबईच्या पोलीस शिपायांनी काळ्या फिती लावल्या आणि १८ ऑगस्टला त्यांच्या संघटनेची मान्यता काढून पुढाऱ्यांना पकडल्यावर ते रस्त्यावर उतरले. त्यांच्या तक्रारी घरांच्या, कामाच्या तासांच्या आणि वरिष्ठांच्या घरी राबवून घेण्याच्या होत्या. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत पोलीस शिपाई आणि गिरणी कामगार शेजारी शेजारी राहत होते, आणि त्या दिवशी रस्त्यावरही ते एकत्र दिसले. सरकारने लष्कर बोलावले, अनेकांना नोकरीवरून काढले. बंदूक हाती असलेल्या माणसाने ती न वापरता संघटना करू पाहिली, हा प्रसंग नाट्याच्या दृष्टीने काही कमी नाही. परंतु त्याच्यावर ‘शूटआऊट’ निघणे शक्य नाही.

२०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सोळा निर्देश दिले आहेत. चकमकीतील प्रत्येक मृत्यूचा गुन्हा नोंदवावा, तपास त्या पथकाकडे न ठेवता गुन्हे अन्वेषण विभागाकडे अथवा दुसऱ्या ठाण्याकडे द्यावा, दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हावी, ही त्यांतील मुख्य कलमे. आणखी एक कलम असे आहे की घटनेनंतर संबंधित अधिकाऱ्यांना लागलीच शौर्यपदक किंवा क्रम डावलून बढती देऊ नये. म्हणजे न्यायालयाने बक्षिसाच्या अर्थकारणावरही बोट ठेवले आहे. हे निर्देश मराठीत छापून वॉर्डावॉर्डांत वाटण्यास फारसा खर्च येणार नाही. पुढच्या वेळी कोठे पेढे वाटले जातील तेव्हा त्या गर्दीत उभे राहून, गुन्हा नोंदला गेला काय आणि तपास कोणाकडे आहे, हे दोन प्रश्न मोठ्याने विचारता आले पाहिजेत. विचारणाऱ्याला पहिल्या दिवशी शिव्या बसतील. बदलापूरच्या प्रकरणात हे प्रश्न घेऊन उच्च न्यायालयाची पायरी प्रथम चढली ती मेलेल्या आरोपीच्या बापाने.